काचेतलं पाणी जातं कुठे?

प्रश्न : काका, आम्ही मागच्या वर्षी न्यू जर्सीत माँटक्लेअरला १९२०च्या सुमाराचं घर घेतलं. बेसमेंटमध्ये गॅसवरचा वाफेचा बॉयलर आहे आणि प्रत्येक रेडिएटरला एकच पाइप आहे. थंडी वाढली की बॉयलरवर पातळी दाखवणारी काचेची नळी असते, तिच्यातलं पाणी तासाभरात दिसेनासं होतं आणि बॉयलर बंद पडतो. मग आपोआप पाणी भरणारा फीडर पाणी सोडतो आणि बॉयलर पुन्हा सुरू होतो. सकाळी मात्र काच वरपर्यंत भरलेली असते. वरच्या मजल्यावरचे दोन रेडिएटर पाणी थुंकतात, पाइपांतून ठोकल्यासारखे आवाज येतात. एका प्लंबरने नवा बॉयलर बसवायला सांगितलंय. बसवावा का? – एक वाचक, माँटक्लेअर

उत्तर : ताई, एवढ्यात बसवू नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे सकाळची भरलेली काच. बॉयलर गळका असता तर रात्रीतून पाणी उतरलं असतं. तुमचं चढतंय. म्हणजे संध्याकाळी दिसेनासं झालेलं पाणी घरातच पाइपांत आणि रेडिएटरांत अडकलेलं असणार. बॉयलर थांबल्यावर ते सावकाश खाली येतं आणि फीडरने मधे सोडलेल्या पाण्याची त्यात भर पडते. पातळी अशी जास्त झाली की वाफ पाणी बरोबर घेऊन वर जाते. ठोके आणि थुंकणं त्यातूनच येतं. नवा बॉयलर याच पाइपांना जोडला तर तोही असाच वागेल.

आता खात्री करून घ्या. एका शनिवारी बॉयलर थंड असताना पाणी काचेच्या मध्यावर आणा, तिथे चिकटपट्टी लावा आणि फीडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा. पाणी कमी झाल्यावर बर्नर बंद करणारं कटऑफ मात्र चालूच राहिलं पाहिजे, त्याला हात लावायचा नाही. मग बॉयलर सुरू करून दर दहा मिनिटांनी पातळी वहीत लिहा. इंचभर उतरणं ठीक आहे, तेवढं पाणी वाफ होऊन वाटेत असतं. कटऑफने बॉयलर थांबवला तर पाणी न घालता अर्धा तास थांबा. पाणी पट्टीपर्यंत परत आलं, तर ते फक्त उशिरा येतंय. व्हॉल्व्ह बंद ठेवूनच सकाळी पुन्हा पाहा. पट्टीच्या वर असेल तर त्या व्हॉल्व्हमधून किंवा बॉयलरमध्ये नळाच्या गरम पाण्याची कॉइल असल्यास तिच्यातून पाणी झिरपतंय. खाली असेल तर गळती शोधायची, आणि पाणी बॉयलरकडे परत आणणाऱ्या, जमिनीत पुरलेल्या परतीच्या पाइपापासून सुरुवात करायची.

त्याआधी काच धुवा. कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात मी बॉयलर अटेंडंट होतो, तिथे प्रेशर दर चौरस सेंटिमीटरला २१ किलो, तुमच्या बॉयलरला लागतं त्याच्या दोनशेपट. एका रात्रपाळीत काचेत निम्मं पाणी अगदी स्थिर दिसत होतं. आमच्या मुकादमांना ते स्थिर असणंच खटकलं. त्यांनी काचेखालचा कॉक उघडून बंद केला, तर पाणी परत चढेना. खालची वाट गाळाने बुजली होती आणि आम्ही जुनंच पाणी पाहत बसलो होतो. चालू बॉयलरच्या काचेत पाणी थोडं हलायलाच हवं.

पाणी उशिरा येत असेल, तर पहिला संशय प्रेशरवर. दर चौरस इंचाला एक पौंड प्रेशर परतीच्या उभ्या पाइपात पाण्याला सुमारे २८ इंच वर ढकलू शकतं. पाणी परत येतं ते केवळ स्वतःच्या वजनाने, त्यामुळे प्रेशर जितकं जास्त तितकं ते वर अडून राहतं. घराला दीड पौंड पुष्कळ झालं. थंडी वाटते म्हणून पुष्कळ लोक ते वाढवतात, आणि त्रास तिथूनच सुरू होतो. प्रेशरच्या स्विचखाली पिळाची नळी असते, तीही साफ करून घ्या. ती बुजली तर स्विचला खरं प्रेशर कळतच नाही.

मग ते दोन रेडिएटर पाहा. एका पाइपाच्या पद्धतीत वाफ आणि पाणी एकाच तोंडातून ये-जा करतात. त्यामुळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, अर्धवट नाही. रेडिएटर व्हॉल्व्हच्या बाजूला किंचित उतरता हवा, लेव्हल ठेवून बघा. पलीकडच्या पायांखाली लाकडाची चकती सरकवली तरी बऱ्याचदा काम होतं. एवढं करून फरक पडला नाही तर परतीचा पाइप गाळाने भरलेला असणार. बॉयलरजवळ तो हार्टफर्ड लूपला, म्हणजे पाण्याच्या पातळीजवळ जोडलेल्या पाइपाच्या वळशाला मिळतो तिथला आखूड तुकडा सगळ्यात आधी बुजतो. तो उघडून साफ करायला वाफेचं काम जाणणारा माणूस बोलवा.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. बॉयलर तापलेला आणि काच रिकामी दिसली, तर पाणी सोडायचं नाही. बॉयलरचा स्विच बंद करायचा आणि तो पूर्ण थंड होऊ द्यायचा. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की ते तडकतं. कटऑफ फ्लोटचं, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्यावर चालणारं असेल तर आठवड्यातून एकदा, बर्नर पेटलेला असताना, त्यातलं पाणी बादलीत काढा. पाणी कडकडीत असतं, मुलांना लांब ठेवा. बर्नर तिथल्या तिथे विझला पाहिजे. विझला नाही, तर दुरुस्त होईपर्यंत बॉयलर चालवू नका.

प्रश्न : नवा बॉयलर बसवून महिना झाला. काचेतलं पाणी दोन-तीन इंच उड्या मारतं. – एक वाचक, जर्सी सिटी

उत्तर : पाइपांना आटे पाडताना लावलेलं तेल आत राहिलंय आणि पाण्यावर तरंगतंय, म्हणून पाणी उसळतं. खालून पाणी काढून ते जात नाही. पाण्याच्या पातळीजवळ बाजूला एक तोंड असतं, तिथून पाणी बारीक धारेने, दोन-तीन तास सावकाश वाहू द्यावं लागतं. याला स्किमिंग म्हणतात. ज्यांनी बॉयलर बसवला त्यांच्याकडूनच करून घ्या, आणि पाणी तरीही उसळत राहिलं तर पुन्हा करायला सांगा.