‘ल लट्टू’ म्हणणारी पाटी आणि घरातला भोवरा

आपली मुलगी साडेतीन वर्षांची आहे, घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी असा तिचा दिवस जातो, आणि वाढदिवसाला मिळालेली, बटण दाबले की हिंदी मुळाक्षरे म्हणणारी बोलकी पाटी ‘ब बतख’ म्हणाली की ती ‘नाही, बदक!’ असे तिला ठणकावून सांगते. ही पाटी राहू द्यावी की मराठी मुळाक्षरांसाठी दुसरे खेळणे घ्यावे, असे आपण विचारले आहे. इंदुरातल्या मराठी घरांतली मुले बालवर्गात बरीच वर्षे शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे की पाटी बाजूला ठेवावी. मात्र बदकापायी नव्हे.

बतख काय आणि बदक काय, दोघांची सुरुवात ‘ब’नेच होते, त्यामुळे ते भांडण निरुपद्रवी आहे. खरी अडचण ‘ल लट्टू’पाशी येते, कारण चित्रात मुलीला भोवरा दिसतो आणि समोरचे अक्षर ‘भ’ असावे असे तिने धरले तर त्यात तिची काहीच चूक नाही. त्याहून अवघड प्रकार नल, फल आणि कमल यांचा. चित्र ओळखीचे, शब्दही जवळजवळ ओळखीचा, आणि नेमका शेवटचा ‘ळ’ तेवढा नाहीसा झालेला. हिंदी वर्णमालेत ‘ळ’ शिकवतच नाहीत, त्यामुळे अशा पाटीवर त्याचे बटणही नसते. आपल्याकडची मुले ‘मी केलं खाल्लं’ म्हणू लागतात ती काही उगीच नाही. शिवाय ‘झ झंडा’ ऐकून ‘झाड’मधला ‘झ’ कळत नाही. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि चाक व चहा ही दोन्ही चित्रे दाखवल्याशिवाय ते मुलाच्या कानावर पडत नाहीत.

वळणाचाही प्रश्न आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली ठरवलेल्या वर्णमालेत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आहे, तर आपल्या इंदुरातल्या खजुरी बाजारात मिळणाऱ्या तक्त्यांवर बहुधा हिंदी वळण असते (हे उत्तर वाचताना आपल्या पडद्यावरही कदाचित तेच दिसत असेल). पुढे मुलीला दोन्ही वळणे वाचावीच लागणार आहेत, म्हणून मी याचा बाऊ करत नाही. पण पहिल्यांदा हाताला जे वळण लागते ते घरातल्या पुस्तकांतले असावे.

हात हा शब्द मी मुद्दाम वापरला. बटण दाबून अक्षर ऐकू येते, पण त्याचे वळण हाताला कळत नाही. पूर्वी धुळाक्षरे गिरवत, माँटेसोरी पद्धतीत खरखरीत कागदाची अक्षरे असतात, आणि दोन्हींमागचा विचार एकच आहे. ही अक्षरे घरीच करावीत. हार्डवेअरच्या दुकानातून बारीक पॉलिश पेपर आणून अक्षरे तळहाताएवढी कापावीत व जाड पुठ्ठ्यावर चिकटवावीत. माझा पहिला संच पूर्ण वाया गेला होता, कारण मी कागदाच्या पाठीवर अक्षरे सरळ काढली आणि कापून उलटल्यावर सगळा ‘गमभन’ आरशात पाहावा तसा झाला. तेव्हा पाठीवर आकृती उलटीच काढावी. गिरवायला जिथून सुरुवात करायची तिथे लाल ठिपका द्यावा, आणि शिरोरेघ शेवटी ओढायची असते, हे पहिल्या दिवसापासून दाखवावे. बोट फिरवताना मुलीने नाव नव्हे तर ध्वनी उच्चारावा. आधी ग, म, भ, न घ्यावेत, कारण चौघांनाही उजवीकडे काना आहे आणि ‘मन’, ‘नग’, ‘नभ’, ‘गमन’ असे शब्द लगेच जुळतात.

बाराखडीची घाई नको. पण वेळ येईल तेव्हा जुन्या पारदर्शक फाइलच्या पट्ट्या कापून त्यांवर मार्करने काना, वेलांटी, उकार काढावेत आणि त्या अक्षरावर ठेवायला द्याव्यात. पहिली वेलांटी ऐकू येते अक्षरानंतर आणि बसते अक्षराच्या आधी, ही गंमत पट्टी सरकवताना मुलांना जितकी पटकन उमगते तितकी पाटीवर उमगत नाही. इंग्रजीच्या चुंबकी अक्षरांसारखे संच देवनागरीत फारसे कामाचे नसतात, ते याच काना-मात्रांमुळे.

‘ण’ आणि ‘ळ’ यांनी शब्द सुरू होत नाही, त्यामुळे तक्ता करणाऱ्यांची पंचाईत होते. भातुकली असेल तर होत नाही. पळी, पोळपाट, उखळ एका टोपलीत आणि तवा, कढई, झारा दुसऱ्या टोपलीत टाकायला सांगावे. कोणत्या टोपलीत ‘ळ’ दडला आहे, हे मुलगी आठवड्याभरात आपणहून सांगू लागते.

विकतचे काही घेतलेच तर आयएसआय चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ते बंधनकारक आहे. घरात तीन वर्षांखालचे भावंड असेल तर सुटी चुंबके आणि बारीक तुकडे नकोतच, कारण एकाहून अधिक चुंबके पोटात गेली तर आतड्याला इजा होते.

बोलकी पाटी मात्र फेकू नये. सेल काढून ती भातुकलीत द्यावी. आमच्याकडे अशाच एका पाटीची गॅसची शेगडी झाली होती आणि तिच्या ‘ब’च्या बटणावर रोज चहा उकळत असे.