वाचक विचारतात: मध्येच फोन ठेवला तर उद्धटपणा होतो का?

फोनवरून आणि ऑनलाईन होणाऱ्या फसवणुकीबद्दल काय विचारायचंय ते पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर एकट्या ठाणे आणि नवी मुंबईतूनच एवढे प्रश्न आले की बाकीच्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागणार. नावं कुणाचीच छापत नाही, फक्त एरिया.

मिस्टर रिटायर होऊन आठ वर्षं झाली. मागच्या महिन्यात त्यांना व्हिडिओ कॉल आला, समोर पोलिसांच्या ड्रेसमधला माणूस, मागे बोर्ड वगैरे. तुमच्या आधारवर सिम घेतलंय, त्यातून मनी लाँड्रिंग झालंय, तुम्ही आता डिजिटल अरेस्टमध्ये आहात, खोलीचं दार लावा, बायकोलाही सांगायचं नाही. दोन तास हे चालू होतं, शेवटी मीच दार ठोठावून आत गेले. पैसे गेले नाहीत पण ते अजून घाबरलेले असतात, कॉल मध्येच कट केला म्हणून खरंच केस झाली असेल का विचारतात. — पाचपाखाडी, ठाणे

काकू, काहीही केस झालेली नाही, आधी त्यांना हे वाचून दाखवा. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाहीच, जुन्यात नव्हती आणि १ जुलै २०२४ पासून जे नवे कायदे आलेत त्यातही नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये हेच सांगितलं होतं. आणि अटक तर सोडाच, आरोपीला चौकशीला हजर राहा म्हणून जी नोटीस देतात तीसुद्धा पोलिसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय. तर मग व्हिडिओ कॉलवर दोन तास बसवून ठेवणारा कुठला पोलीस आलाय.

त्यांची पद्धत समजून घ्या म्हणजे भीती कमी होईल. पहिला फोन बहुतेक वेळा पोलिसांचा नसतोच, कुरियर कंपनीचा किंवा टेलिफोन खात्याचा असतो, तुमचं पार्सल अडकलंय, तुमचा नंबर बंद होणार, नऊ दाबा. मग तोच माणूस अगदी काळजीने "साहेबांना जोडून देतो" म्हणतो, मग साहेब, मग साहेबांचे साहेब, मग कोर्टाचा कागद, त्यावर शिक्का आणि तुमचं नाव. एकदा माणूस घाबरला की त्याला घरातल्यांपासून तोडायचं, कॅमेरा चालू ठेवायला लावायचा, बाथरूमला जातानाही विचारायला लावायचं. आणि शेवटी मुद्द्यावर येतात, तुमचे पैसे व्हेरिफाय करायचेत, एफडी मोडा आणि आम्ही देतो त्या सरकारी खात्यात टाका, तपास झाला की परत मिळतील. सरकारचं किंवा रिझर्व्ह बँकेचं असं सामान्य माणसाचे पैसे तपासून परत देणारं खातं नसतं.

लोक म्हणतात की म्हातारी माणसं भोळी असतात किंवा हावरट असतात म्हणून फसतात. मला हे पटत नाही. तुमच्या मिस्टरांना कसलाच हव्यास नव्हता, तरी ते दोन तास बसले, कारण चाळीस वर्षं सरकारी कागदाला आणि साहेब या शब्दाला मान दिलेला माणूस समोरचा बोलत असताना फोन ठेवू शकत नाही, त्याला ते उद्धटपणाचं वाटतं. वर पुन्हा सोसायटीत पोलीस आले तर लोक काय म्हणतील ही भीती, ती ह्या लोकांना बरोबर माहितीये. तेव्हा मिस्टरांना सांगा की मध्येच फोन ठेवणं हा गुन्हाही नाही आणि उद्धटपणाही नाही. खरंच पोलिसांना काही हवं असेल तर ते नौपाडा पोलीस स्टेशनातून चालत येतील की.

आता करायचं काय, तर संचार साथी नावाची दूरसंचार विभागाची साईट आहे, त्यावर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं, अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवता येतं. त्याच साईटवर चक्षू म्हणून भाग आहे, पैसे गेलेले नसले तरी अशा कॉलची माहिती तिथे द्यायची. आधार नंबर सांगितला असेल तर आधारच्या अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करून टाका, लागेल तेव्हा उघडता येतं.

रात्री साडेनऊला लाईट कापणार असा मेसेज आला, खाली एका ऑफिसरचा मोबाईल नंबर. बिल तर भरलंय. फोन करून विचारू का? — कळवा

नाही, त्या नंबरवर अजिबात नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी कनेक्शन तोडायच्या आधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, त्यामुळे आज मेसेज आणि आज रात्री अंधार असं होत नाही. शंका असेल तर वीज बिलावर छापलेल्या नंबरवर विचारा. गॅस बिलाच्या नावाने पण सेम मेसेज फिरतात, तिथेही तेच, बिलावर छापलेला नंबर वापरायचा, मेसेजमधला नाही.

सोफा विकायला ऑनलाईन टाकला तर दहा मिनिटात गिऱ्हाईक, घासाघीस पण केली नाही. आर्मीत आहे म्हणाला, आयकार्डचा फोटो पाठवला, एक रुपया पण पाठवला. मग क्यूआर पाठवला आणि म्हणाला स्कॅन करून पिन टाका म्हणजे १२ हजार तुमच्या खात्यात येतील. मी थांबले. बरोबर केलं ना? जाऊबाई म्हणतात उगाच गिऱ्हाईक घालवलंस. — ऐरोली

ताई, जाऊबाईंना सांगा सोफा राहिला आणि १२ हजारही राहिले. यूपीआयमध्ये पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, आणि दुसऱ्याने पाठवलेला क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे त्याला जातात, आपल्याकडे येत नाहीत, एवढं एक डोक्यात पक्कं बसलं की ह्या प्रकारातलं बरंचसं संपतं. तो एक रुपया विश्वास बसवायला असतो.

आर्मीचं सोंग का घेतात तर जवान म्हटलं की आपण शंका घेत नाही, आणि बदली झालीये, स्वतः येता येत नाही, सामान न्यायला गाडी येईल ही कारणंही खपतात. फ्लॅट भाड्याने द्यायला टाकलात तरी हेच लोक येतात, घर न बघता डिपॉझिट द्यायला तयार. घर न बघता भाडेकरू, आणि तोही ऐरोलीत, जिथे खरा माणूस पाण्याच्या टायमिंगपासून पार्किंगपर्यंत सगळं विचारतो!

पूर्वी पैसे मागायची रिक्वेस्ट पाठवून फसवायचे, ते माणसामाणसातलं रिक्वेस्ट पाठवणं ऑक्टोबर २०२५ पासून बंद केलंय, म्हणून आता क्यूआरवर आणि खोट्या मेसेजवर जोर आहे. चुकून १२ ऐवजी २० हजार पाठवले, वरचे ८ हजार परत करा, आईचं ऑपरेशन आहे, असा फोन आला तर मेसेज बघू नका, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन बॅलन्स बघा.

मुलगा इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजमधला सिनियर म्हणतो तुझं बँक खातं, एटीएम कार्ड आणि त्याला जोडलेलं सिम दे, ऑनलाईन गेमिंगच्या बिझनेसला लागतं, महिन्याला पाच हजार मिळतील. मुलगा म्हणतो खात्यात आपले पैसेच नाहीत तर जाणार काय? — खारघर

ताई, हे उत्तर मुलाला वाचायला द्या.

मित्रा, तुझे पैसे जाणार नाहीत, तू जाशील. वर पाचपाखाडीच्या काकूंनी लिहिलंय ना, तशा एखाद्या घाबरलेल्या माणसाने एफडी मोडून टाकलेले पैसे आधी कुठल्यातरी खात्यात येतात, तिथून काही मिनिटात चार खात्यांत, तिथून वीस खात्यांत, आणि मग कुठेतरी एटीएममधून कॅश निघते किंवा क्रिप्टोत जाते. ही मधली खाती तुझ्यासारख्या पोरांची असतात. ज्याने फोन केला तो सापडेल न सापडेल, पण खात्यावर नाव, पॅन, आधार, फोटो सगळं तुझं, त्यामुळे पोलिसांना पहिला सापडणार तू. आणि तक्रार करणारा केरळचा असेल तर पोलीसही केरळचे, म्हणजे तारखेला परीक्षा सोडून तिकडे जायचं. खातं गोठतं ते वेगळंच. स्कॉलरशिप त्याच खात्यात येत असेल तर ती पण अडकली. मला माहीत नव्हतं हे उत्तर चालेलच असं नाही, कारण फुकट बसून महिन्याला पाच हजार कशाचे मिळत होते याचं उत्तर पण द्यावं लागतं.

कार्ड ऑलरेडी दिलं असेल तर आजच बँकेत जाऊन कार्ड, नेटबँकिंग बंद करायला लेखी सांग, पोच घे, सिम बंद करून घे. खात्यात अनोळखी पैसे पडलेले असतील तर काढू नकोस आणि स्वतःच्या मनाने कुणाला परतही करू नकोस, बँकेला कळव. चॅट डिलीट करू नकोस, सिनियर सांगेल डिलीट कर म्हणून, तेच तर तुझ्या बाजूचे पुरावे आहेत. पैसे फिरले असतील तर वडिलांना घेऊन वकिलाला भेट, आणि मग सायबर पोलिसांकडे स्वतःहून जा.

ओळखीच्याच नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली, उघडली तर इन्स्टॉल करा म्हणाली, केलं. उघडलं काहीच नाही. पण आता फोन गरम होतोय आणि माझ्या नंबरवरून सगळ्यांना पत्रिका जातेय. — वाशी

दादा, बाकीचा कॉलम नंतर वाचा, आधी फोन फ्लाईट मोडवर टाका, वायफाय पण बंद. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला फोन करून यूपीआय, नेटबँकिंग, कार्ड सगळं थांबवायला सांगा.

नावाच्या शेवटी एपीके असलेली फाईल म्हणजे पत्रिका नसते, ते अ‍ॅप असतं. पत्रिका फोटो असेल, पीडीएफ असेल, फार तर व्हिडिओ, ती इन्स्टॉल करावी लागत नाही. ट्रॅफिक चलन, बँक केवायसी, किसान योजना अशा नावानेही हेच येतं. आत गेलं की ते अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी घेतं, म्हणजे तुमचा ओटीपी तुमच्याआधी त्यांना दिसतो, तुम्ही कुणाला सांगायची गरजच नाही. आणि तुमच्याच कॉन्टॅक्टना पुढे जातं, म्हणून तर तुम्हाला ओळखीच्याकडून आलं. त्या बिचाऱ्यालाही कळवा.

बँकेचं झालं की फोटो, कॉन्टॅक्ट बाहेर काढून फोन फॅक्टरी रीसेट करा, नुसतं अ‍ॅप उडवून भागेल असं धरू नका, आणि काढून ठेवलेल्यात ती एपीके परत येणार नाही हे बघा. नंतर डायल पॅडवर ##००२# करा, कुणी कॉल फॉरवर्डिंग लावून ठेवलं असेल तर ते जातं. पासवर्ड आणि पिन दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदला. पैसे गेल्याचं दिसलं तर बँकेला तीन कामाच्या दिवसांच्या आत लेखी कळवा, रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ह्या मुदतीला महत्त्व आहे, ग्राहकाची चूक नसेल आणि मुदतीत कळवलं तर नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही. तुमची चूक होती हे दाखवायची जबाबदारी बँकेची आहे. तुम्ही अ‍ॅप स्वतः टाकलंय म्हणून बँक वाद घालेल, घालू दे, अर्ज मात्र वेळेत द्या.

लाडक्या बहिणीची केवायसी करून देतो म्हणून लिंक आलीये, १०० रुपये मागतात. — दिवा

लिंक सोडून द्या. सरकारी साईट स्वतः टाईप करून उघडायची, केवायसीला पैसे लागत नाहीत, आणि आधारचा ओटीपी त्या साईटवर स्वतः टाकायचा, फोनवर कुणाला सांगायचा नाही.

शेअरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये ८५ हजार घातले, अ‍ॅपमध्ये सव्वादोन लाख दिसतायत पण काढायला गेलो तर टॅक्सचे आधी ३० हजार भरा म्हणतात. चार दिवस झाले. आता एक जण म्हणतो दहा टक्के दे, सायबरमध्ये ओळख आहे, पैसे काढून देतो. बायकोला सांगितलेलं नाही. — घणसोली

भाऊ, ३० हजार भरू नका, आणि त्या ओळखवाल्यालाही एक पैसा देऊ नका, तो दुसरा ठग आहे, ज्यांचे पैसे गेलेत त्यांच्याच याद्या ह्या लोकांकडे फिरतात. अ‍ॅपमधले सव्वादोन लाख हा नुसता स्क्रीनवरचा आकडा आहे. खऱ्या नफ्यावरचा टॅक्स आपण रिटर्न भरताना सरकारला भरतो, ग्रुप अ‍ॅडमिनला नाही. ग्रुपमधले जे रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकून "सरांमुळे गाडी घेतली" म्हणतात ते बहुतेक त्यांचेच लोक.

आत्ता लगेच १९३० ला फोन लावा. लागत नसेल तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका, पण फोन लावत राहा, कारण १९३० वरून तक्रार गेली की पैसे ज्या ज्या खात्यात पुढे गेलेत तिथे अडवायचा प्रयत्न होतो, आणि जेवढं अडतं तेवढंच परत मिळायची आशा. चार दिवस म्हणजे उशीर झालाय, खोटं कशाला सांगू, पण असे पैसे हप्त्याहप्त्याने गेलेले असतात, शेवटचा हप्ता अजून कुठेतरी पडलेला असू शकतो. हाताशी बँकेचं स्टेटमेंट ठेवा, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा स्वतःचा संदर्भ क्रमांक), तारीख, रक्कम, ज्या खात्यात पाठवले ते खातं, ग्रुपचे नंबर. ग्रुप सोडायच्या आधी स्क्रीनशॉट काढा, नंतर सगळं मिळेलच असं नाही.

मग रबाळे असो की कोपरखैरणे, जवळच्या पोलीस स्टेशनला जा. आमच्या हद्दीत येत नाही असं कुणी म्हणालं तर नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ आहे, हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. पुढे कुठे पैसे घालायचे असतील तर शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीची सेबी चेक नावाची सोय आहे, त्यात समोरच्याचा यूपीआय आयडी किंवा खातं तपासता येतं, नोंदणी असलेल्या ब्रोकरच्या आयडीत व्हॅलिड हा शब्द असतो. कुणा माणसाच्या नावावरच्या करंट खात्यात शेअरचे पैसे कधीच जात नाहीत.

आणि बायकोला आज सांगा. जॉइंट खातं असेल तर तिलाही बँकेत यावं लागू शकतं, आणि तक्रार झाल्यावर पोलिसांचे फोन घरी येणारच, ते तिने खोटे समजून कट केले म्हणजे पंचाईत.