स्क्रॅबलच्या स्पर्धेत समोरचा खोटा शब्द लावून गंडवतोय हे कसं ओळखायचं? आणि आपणही ब्लफ करावा का?

तुम्ही लिहिलंय की दोन-तीन वर्षं मोबाइलवर खेळताय, आता पहिल्यांदाच समोरासमोरच्या स्पर्धेत उतरणार आहात, आणि तिथे लोक बिनदिक्कत खोटे शब्द लावतात असं ऐकून धास्तावला आहात. ऐकलंत ते खरं आहे. बहुतेक ॲप मान्य इंग्रजी शब्दांच्या यादीत नसलेला शब्द घेतच नाहीत, त्यामुळे तिथे ब्लफला जागाच नसते. खऱ्या बोर्डावर मात्र वाट्टेल ते लावता येतं. समोरच्याने चॅलेंज केलं नाही, म्हणजे शब्द यादीत आहे का हे संगणकावर तपासायला लावलं नाही, तर शब्द गुणांसकट तिथेच राहतो, डाव संपेपर्यंत. अशा शब्दाला खेळाडू ‘फोनी’ म्हणतात. फोनी लावणं नियमात बसतं, त्यात लबाडी काही नाही. हे आधीच मनाशी पक्कं करा, नाहीतर पहिला डाव खेळण्यापेक्षा रागावण्यातच जाईल.

चेहऱ्यावरून ओळखायचा नाद मात्र सोडा. मी पहिलं वर्षभर तेच करत होते. कोण गुण लिहिताना अडखळतो, कोण टाइल ठेवताना हात मागे घेतो, कोण घड्याळ दाबायला उशीर लावतो. निष्पन्न काही झालं नाही. खरा शब्द लावतानाही लोकांचे हात थरथरतात, कारण सत्तर-ऐंशी गुणांची चाल कुणालाही थरथरवते. बोलून गंडवणं, म्हणजे ‘हा तर नेहमीचाच शब्द’ असं पुटपुटणं, स्पर्धेत चालत नाही, त्यामुळे कानांनाही काम नाही.

त्यापेक्षा स्पर्धेला गेल्यावर सगळ्यात आधी एक गोष्ट विचारा: चुकीच्या चॅलेंजला दंड काय? उत्तर अमेरिकेतल्या पद्धतीत तुम्ही चॅलेंज केलंत आणि शब्द खरा निघाला, तर तुमची पाळी जाते. बऱ्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धांत फक्त पाच गुणांचा दंड असतो. काही ठिकाणी दंडच नसतो. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या एका नियमात आहे.

समजा समोरच्याने सातही टाइल एकदम लावून बिंगो केला. पन्नास बोनस धरून 76 गुण झाले. शब्द ओळखीचा नाही. चांगल्या खेळाडूची एक पाळी तीस-पस्तीस गुणांची असते, म्हणजे पाळी गेली तर तुमचं नुकसान साधारण 35. शब्द खोटा निघाला तर त्याचे 76 जातात. गणित केलं तर शब्द खोटा असण्याची शक्यता शंभरात बत्तीस असली तरी चॅलेंज परवडतं. तोच शब्द 16 गुणांचा असेल, तर जवळपास सत्तर टक्के खात्री हवी. आता पाच गुणांचा दंड धरा. 76 गुणांच्या शब्दाला सहा टक्के शंका पुरते, 16 गुणांच्या शब्दाला चोवीस. (हे ढोबळ आहे. खोटा बिंगो परत घेतला तरी चांगली अक्षरं त्याच्याच हातात राहतात, पुढच्या पाळीला तो खरा बिंगो काढू शकतो. आणि ती अक्षरं आता तुम्ही पाहिलेली असतात, हेही विसरू नका.)

यावरून उलट बाजूही कळेल. पाळी जाणाऱ्या स्पर्धेत फोनी पचतो, कारण चॅलेंज महाग असतं. पाच गुणांच्या स्पर्धेत मोठा फोनी लावणं म्हणजे आपली पाळी समोरच्याच्या हातात देणं. तिथे फोनी लावायचाच तर लहान, दहा-बारा गुणांचा, ज्याकडे कुणी वळून बघणार नाही असा.

फोनी कसे असतात? पूर्णपणे बनवलेला शब्द क्वचितच कुणी लावतं. बहुतेक फोनी खऱ्या शब्दाला पुढे ‘री’, ‘अन’, ‘आउट’ किंवा मागे ‘अर’, ‘एबल’ चिकटवून बनतात, किंवा ज्याचं अनेकवचन होत नाही त्याला एस लावून. आणि बऱ्याचदा लावणाऱ्यालाच माहीत नसतं की तो खोटा आहे. तिथे ब्लफ वगैरे काही नसतं, नुसती चूक असते. अशा वेळी तो चेहऱ्यावर शांत दिसतो तो खरोखरच शांत असतो म्हणून. चेहरे वाचू नका म्हणते ते यासाठीही.

मी मुद्दाम लावलेला एक फोनी मात्र कायम लक्षात राहील. शब्द सांगत नाही, आजही लाज वाटते. चौदा गुणांचा होता आणि पचला. दोन पाळ्यांनी समोरच्याने त्यालाच शेवटी एस जोडून खाली मोठा शब्द काढला. मी चॅलेंज केलं. एस जोडलेला शब्द हा नवा शब्द, त्यामुळे त्याची जबाबदारी लावणाऱ्याची. त्याची अख्खी चाल उचलली गेली. चॅलेंज झालं की चाल एकत्रच तपासली जाते, त्यातला कुठला शब्द चुकला हे संगणक सांगत नाही. त्यामुळे आपण कशात फसलो हे त्याला डाव संपेपर्यंत कळलं नाही, तो खालच्याच शब्दाला दोष देत बसला. तेव्हा बोर्डावर पडलेल्या शब्दाला काही जोडताना स्वतःला विचारा की हा शब्द मला माहीत आहे का. समोरच्याने लावला आणि मी सोडून दिला, एवढ्यावर तो खरा होत नाही.

आता मला खरं तर ज्याबद्दल बोलायचं आहे ते. माझ्या हातून जिंकलेल्या डावांत फोनीचा वाटा नगण्य आहे. समोरच्याला गाफील ठेवण्याचे जे प्रकार कामी आले, ते सगळे खऱ्या शब्दांचे होते.

एक, हुक. शब्दाच्या पुढे किंवा मागे एक अक्षर लावून नवा शब्द होतो ती जागा. शेवटी एस लागतो हे सगळे बघतात. पुढचं अक्षर डोळ्यांना दिसत नाही, त्यातून उच्चार बदलत असेल तर मुळीच नाही. ‘लाफ्टर’च्या (laughter) आधी एस ठेवला की ‘स्लॉटर’ (slaughter) होतं, पण कान ते जोडूच देत नाहीत. एकदा मी ‘रफ’ (rough) हा शब्द डावीकडून दुसऱ्या स्तंभापासून लावला, नऊच गुणांचा. हातात टी राखून ठेवला होता. टी पुढे लागला की ‘ट्रॉफ’ (trough). आणि तो टी पहिल्या स्तंभात पडणार, जिथून खाली चार अक्षरी शब्द काढला तर तिप्पट गुणांचं घर मिळतं. समोरच्याने उजवीकडची एसची जागा काळजीपूर्वक अडवली, डावीकडे पाहिलंही नाही. पुढच्या पाळीला पस्तीस गुण मिळाले.

दोन, विचित्र दिसणारा खरा शब्द. ज्याला चॅलेंजची खुमखुमी आहे असा खेळाडू समोर असेल आणि पाळी जाण्याचा नियम असेल, तर माहीत असलेला पण खोटा वाटेल असा शब्द निवडा. इंग्रजी यादीत ‘लाख’ आणि ‘क्रोर’ दोन्ही आहेत. आपल्याला ते रोजचे, दुसऱ्या कुणाला ते थापेसारखे वाटतात. यात आपला तोटाही आहे बरं का: शब्द ओळखीचा म्हणून आपण बेधडक लावतो आणि यादीत स्पेलिंग भलतंच असतं.

तीन, व्ही. व्ही असलेला दोन अक्षरी शब्द इंग्रजी स्क्रॅबलमध्ये एकही नाही, आणि समांतर शब्द बसवायचा तर शेजारच्या अक्षरांचे दोन अक्षरी शब्द व्हावे लागतात, त्यामुळे व्हीच्या शेजारी तो बसवता येत नाही. पुढे असाल तर व्ही अशा जागी टाका की मोकळा रस्ता बंद होईल. ही फसवाफसवी नव्हे, पण समोरच्याला ते तीन पाळ्यांनी कळतं. याच कारणासाठी दोन अक्षरी शब्द तोंडपाठ हवेत. जागतिक स्पर्धांच्या यादीत ते 127 आहेत. चार दिवसांचं काम आहे, आणि तुमच्या पातळीवर यापेक्षा जास्त फायदा देणारं दुसरं काही नाही. लहान फोनी ओळखायची भीतीही तिथेच संपते, कारण यादीत आहे किंवा नाही, मधलं काही उरत नाही.

समोरच्याच्या हातात काय आहे हे मात्र चालींवरून बरंच कळतं. तो एक-दोनच टाइल लावून कमी गुणांवर समाधान मानत असेल, तर उरलेली पाच अक्षरं चांगली आहेत, बिंगोची वाट बघतोय. बोर्ड बंद करा, म्हणजे लांब शब्द बसेल अशा जागा अडवा. चाळीस गुणांची उघडी जागा त्याने दोनदा सोडली, तर तिथे लागणारं अक्षर त्याच्याकडे नाही. सोबत टाइलची नोंद ठेवा: एकूण 100, त्यात एस फक्त चार, ब्लँक (कोणतंही अक्षर म्हणून चालणारी कोरी टाइल) दोन, क्यू एक. पिशवी रिकामी झाली की न दिसलेली सगळी अक्षरं समोरच्याचीच असतात. पत्ते उघडे ठेवून खेळल्यासारखंच ते.

हे सगळं कुणापुढे चालत नाही, तेही सांगते. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स 2015 मध्ये फ्रेंच भाषेतलं जगज्जेतेपद जिंकले, फ्रेंच बोलता येत नसताना. 2024 मध्ये स्पॅनिशमध्येही तेच केलं. अर्थ माहीत नाही, यादी माहीत आहे. अशा माणसापुढे फोनी म्हणजे पाळी फुकट.

शेवटची एक गोष्ट पहिल्या स्पर्धेत बहुतेक जण विसरतात. समोरच्याने शेवटची टाइल लावून डाव संपवला आणि तुम्ही हरत असाल, तर त्या शेवटच्या शब्दाला चॅलेंज करण्यात तुमचं जवळपास काहीच जात नाही. पाळी जाण्याचा दंड असला तरी आता पाळीच उरलेली नसते. हात मिळवायच्या आधी तो शब्द नीट वाचा. शंका आली तर ‘होल्ड’ म्हणा, म्हणजे चॅलेंज करायचं का हे ठरवेपर्यंत डाव थांबवा. तेवढ्या वेळात घड्याळ तुमचंच चालतं, म्हणून एक मिनिट राखून ठेवा.