वाचकांचे प्रश्न : अर्जाला उत्तर का येत नाही?

प्रश्न : पर्यावरणासाठी लढणाऱ्या संस्थांकडे इंटर्नशिपसाठी अर्ज केले, पण कुणाचंच उत्तर नाही. काय चुकतंय?

उत्तर : 'निसर्गाची आवड आहे' एवढ्यावरून काम नेमून देता येत नाही. संस्थेचा एखादा अहवाल वाचा आणि चार ओळींत सांगा : कोणतं काम जमेल, आठवड्याला किती तास, कधीपासून. भाषांतर किंवा नकाशाचा एक नमुना जोडा. मानधन, प्रवासखर्च, मार्गदर्शक हे लेखी ठरवून घ्या, संकोच नको.

इंटर्नशिप मिळाली आणि त्यात नदीच्या पाण्याचे नमुने घ्यायचे असतील तर बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ जागेवरच लिहा. विरघळलेला ऑक्सिजनही शक्यतो तिथेच मोजा. वाटेत तो बदलतो. संस्थेने प्रदूषणाविरुद्ध खटला लढवला आणि नोंदी अर्धवट असल्या, की सुनावणीत समोरची बाजू आधी त्यांवरच बोट ठेवते, आणि महिन्यांची मेहनत वाया जाऊ शकते.