छायाचित्रातली छाया

प्रश्न असा: जाँ बोद्रियार हे फ्रेंच तत्त्वचिंतक फोटोग्राफीला ‘प्रकाशाचे लेखन’ म्हणतात, मग मराठीतला ‘छायाचित्र’ हा शब्द चूक नाही का? ‘प्रकाशचित्र’ म्हणावे का? आणि त्यांच्या ‘सिम्युलाक्रम’ला, म्हणजे मूळच नसलेल्या नकलेला, ‘प्रतिकृती’ चालेल का?

छायाचित्र चूक नाही. ‘फोटो म्हणजे प्रकाश, छाया म्हणजे अंधार, म्हणून शब्द उलटा’ ही दुरुस्ती वारंवार कानावर येते आणि दर वेळी तितकीच खटकते. ती करणाऱ्यांनी एकदा मिठाचा कागद करून पाहावा. चांगला जाड कागद दोन टक्के मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवायचा. मंद पिवळ्या उजेडात त्यावर बारा टक्के सिल्व्हर नायट्रेटचा हात फिरवायचा (हातमोजे घाला, बोटांवरचे तपकिरी डाग आठवडाभर जात नाहीत). कागद पुन्हा वाळला की त्यावर पिंपळाचे पान ठेवून काचेखाली उन्हात धरायचा. ऊन लागते तिथे कागद काळा पडतो, पानाखाली पांढरा राहतो. हवा त्यापेक्षा थोडा जास्त काळा होऊ द्यायचा, कारण हायपोत, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या द्रावणात, गेल्यावर रंग उतरतो. हायपो नीट धुतला गेला नाही तर काही काळाने चित्र पिवळे पडून विरते. मीठ जास्त झाले तर कागद मंदावतो. कमी मिठाचा कागद चपळ असतो आणि दाट मिठाच्या पाण्याने चित्र बऱ्यापैकी टिकते, हे फोटोग्राफीचा आद्य इंग्रज संशोधक विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बटने १८३० च्या दशकातच ताडले होते.

आता त्या कागदावर काय उमटले ते पाहा. प्रकाशाने नुसती काळी शाई ओतली. आकार दिला तो पानाच्या सावलीने. म्हणूनच टॉल्बट आपल्या कृतीला आधी ‘स्कियाग्राफी’, म्हणजे सावलीचे लेखन, म्हणत होता, आणि जानेवारी १८३९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्याने जो निबंध ठेवला त्यात सावली पक्की करण्याच्या कलेवर वेगळा भाग आहे. ‘फोटोग्राफी’ हा शब्द रुळवला खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलने, त्याच वर्षी मार्चमध्ये.

खरी गंमत यापुढे आहे. ग्रीक ‘स्किया’ आणि संस्कृत ‘छाया’ या सख्ख्या बहिणी, एकाच मूळ धातूच्या. फारसी ‘साया’ तिसरी. म्हणजे ‘छायाचित्र’ हा शब्द टॉल्बटच्या पहिल्या नावाशी अर्थानेच नव्हे, रक्तानेही जुळतो. इतका अचूक शब्द हाती असताना तो टाकून बंगालीतल्या ‘आलोकचित्रा’च्या वळणावर ‘प्रकाशचित्र’ का घडवायचे? तमिळमध्ये तर फोटोला ‘पुगैप्पडम’, म्हणजे धुराचे चित्र म्हणतात, आणि तिथे कुणाचे काही अडत नाही.

ग्रीकांत ‘स्कियाग्राफिया’ ही छायाप्रकाशाने खोली भासवणारी चित्रपद्धती होती. ती डोळ्यांना फसवते म्हणून प्लेटोचा तिच्यावर राग. मुळावाचूनच्या नकलेबद्दलची ही धास्ती तिथून लॅटिन ‘सिम्युलाक्रम’च्या वाटेने बोद्रियारपर्यंत येते. १९८१ च्या पुस्तकात ते प्रतिमेच्या चार पायऱ्या सांगतात: ती वास्तव दाखवते, मग वास्तव विपर्यस्त करते, मग वास्तव नाही हे लपवते, आणि शेवटी वास्तवाशी तिचा काही संबंधच उरत नाही. ‘प्रतिकृती’ फार तर पहिल्या पायरीला पुरेल, कारण प्रतिकृतीला मूळ कृती असावी लागते. तरीही भाषांतरांत हाच शब्द छापत राहणाऱ्यांनी त्या चार पायऱ्या वाचल्या आहेत, यावर विश्वास बसत नाही. ‘आभास’ त्याहून वाईट: आभास विरतो, सिम्युलाक्रम ठाण मांडून बसतो.

आपल्याकडे याला नेमकी कथा आहे. सूर्याचे तेज सोसेना म्हणून संज्ञा निघून गेली आणि घरात हुबेहूब तिच्यासारखी छाया ठेवून गेली. सूर्याला कळले नाही. छायेला शनी झाला, संसार चालला. ‘संज्ञा’ म्हणजे नाव, खूण. खूण निघून जाते आणि तिची छाया घर चालवते, ही बोद्रियारची तिसरी पायरी. संस्कृत नाटकात प्राकृत संवादाखाली त्याचे संस्कृत रूपांतर छापतात तीही ‘छाया’च, पण तिचे मूळ वरच्या ओळीत हजर असते, ती पहिली पायरी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात संज्ञेच्या जागी आलेल्या या बाईला ‘सवर्णा’, म्हणजे सारख्या रूपाची, म्हटले आहे. ‘सवर्ण’मधला ‘स’, ‘सम’ आणि लॅटिन ‘सिमिलिस’ (सारखा) यांचे मूळ एकच, आणि त्या ‘सिमिलिस’पासूनच सिम्युलाक्रम! व्युत्पत्तीने ‘सवर्णा’ इतका चपखल दुसरा शब्द सापडणार नाही. पण मराठीत ‘सवर्ण’ला जातीचा अर्थ असा चिकटला आहे की तो सुटणार नाही. तेव्हा ‘छाया’च घ्यावी, आणि गरज पडेल तिथे ‘निर्मूळ छाया’.

राहिला कलेचा मुद्दा. बोद्रियार १९८० च्या दशकात स्वतः फोटो काढू लागले, पण त्यांना फोटोचे मोल कला म्हणून नव्हते. वस्तूचे वजन, वास, खोली, काळ, अर्थ एकेक करून काढून घेतले की जे उरते ते चित्र, आणि ते चित्र वस्तू घडवते, माणूस नव्हे. फ्रेंचमध्ये भिंगाला ‘ऑब्जेक्तिफ’ म्हणतात, त्यातच ही वस्तू बसलेली आहे. १९९६ मध्ये तर त्यांनी समकालीन कलेलाच शून्य ठरवले. तेव्हा त्यांच्याविषयी लिहिताना ‘छायाचित्रकला’ नको, ‘छायाचित्रण’ लिहावे. आणि संगणकाने निव्वळ शब्दांवरून बनवलेल्या चित्राला छायाचित्र म्हणू नये: तिथे कॅमेऱ्यासमोर कुठलीच वस्तू नव्हती, मग छाया पडणार कशाची?