पुढची गाडी कधी?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, वय 68 आणि 64, नाशिकला असतो. सप्टेंबरमध्ये जर्मनीतल्या पासाऊहून बुडापेस्टपर्यंतची डॅन्यूब नदीवरची क्रूझ घेतली आहे. एजंटने मुंबई-फ्रँकफर्ट रात्रीचं विमान आणि विमानतळावरून थेट पासाऊची आयसीई (जर्मनीची जलद गाडी) सुचवली आहे. विमान सकाळी साडेसातला उतरतं, गाडी साडेनऊची, दुपारी दोनच्या सुमारास पासाऊ, आणि जहाज त्याच संध्याकाळी सुटतं. "आरामात होतं," म्हणतो. खरंच होतं का? आणि व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा?

उत्तर : कागदावर होतं. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात गेली. तिथे एक खोड लागते : गाडी किती वाजता पोहोचणार हे नंतर विचारायचं, चुकली तर पुढची कधी हे आधी. तुमच्या एजंटने दुसरा प्रश्न विचारलेलाच नाही.

विमान पाऊण तास लेट झालं, तर पासपोर्टची रांग आणि पट्ट्यावरच्या बॅगा यांतच तुमची गाडी गेली समजा. परदेशी प्रवाशांची डिजिटल नोंद घ्यायची नवी पद्धत ऑक्टोबर 2025 पासून लागू झाली आहे, त्यामुळे रांगेचा भरवसा धरू नका. विमानतळावरून पासाऊला थेट जाणाऱ्या गाड्या दिवसातून मोजक्याच. एक चुकली की वाटेत गाडी बदलणं आलं, बॅगांसकट.

जर्मन गाडी म्हणजे घड्याळ, हा समज तर सोडूनच द्या. 2024 साली डॉइश बान या जर्मन रेल्वे कंपनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच वेळेवर धावल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत. आमच्या कंट्रोलमधली मंडळी हा आकडा ऐकून चहा मागवतील.

म्हणून सरळ सांगतो, एक दिवस आधी निघा आणि ती रात्र पासाऊत काढा. हॉटेलचा खर्च होईल, पण जहाज चुकण्यापुढे तो काहीच नाही. गावही बघण्यासारखं आहे. डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या तिथे मिळतात. इल्झचं पाणी काळपट, इनचं हिरवट. टोकावर उभं राहिलं की रंगांतला फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. जुन्या नगरपालिकेच्या भिंतीवर महापुरांच्या खुणा कोरल्या आहेत. 2013 सालचं पाणी 12.89 मीटरवर गेलं होतं. खाली उभं राहून वर बघा म्हणजे अंदाज येईल.

म्यूनिकचं विमान मिळत असेल तर मी तेच घेईन. तिथल्या विमानतळावरून लांड्सहूटपर्यंत प्रादेशिक गाडी, मग समोरच्या गाडीने पासाऊ, असा दोन-अडीच तासांचा रस्ता. एकदा बदलावी लागते, हे खरं. पण या गाड्या साधारण तासाला एक असतात आणि तिकीट ठराविक गाडीला बांधलेलं नसतं. एक गेली तर बाकावर बसून पुढचीची वाट बघायची, इतकंच. चार-पाच जण असाल तर बायर्न (बव्हेरिया) राज्यात चालणारं दिवसभराचं बायर्न तिकीट स्वस्त पडतं, मात्र सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं आणि आयसीईत मुळीच नाही.

फ्रँकफर्टच ठरलं असेल तर 'श्पारप्राइस' नावाचं स्वस्त तिकीट घेऊ नका, ते त्याच गाडीला बांधलेलं असतं. गाडीच लेट झाली तर दुसरीत बसू देतात. विमान लेट झालं तर ते तुमचं तुम्ही बघा. 'फ्लेक्सप्राइस' महाग, पण त्या दिवशीची कुठलीही गाडी चालते. आणि फ्रँकफर्टच्या मुख्य स्थानकातून गाडी उलट्या दिशेने निघाली तर घाबरून उतरू नका. ते शेवटाचं स्थानक आहे, पूर्वी दौंडला पुण्याच्या गाड्या फिरायच्या तसंच.

निघण्याआधी तारीख टाकून वेळापत्रक पुन्हा बघा. या मार्गावर रुळांची मोठी कामं निघाली की गाड्या वळवतात किंवा मधल्या टप्प्यात बस लावतात. हमाल नाहीत, तेव्हा ज्याने त्याने आपली बॅग डब्याच्या पायऱ्या चढवता येईल इतकीच भरावी. वहिनींची बॅग तुम्ही उचलाल, हे घरी ठरवू नका. गाडी दोन-तीन मिनिटं थांबते.

जहाज नक्की कुठून सुटतं तेही लेखी मागवा. पत्रकात 'पासाऊ' असलं तरी ते गावाच्या मध्यावर लागेल असं नाही. कित्येक जहाजं खाली लिंडाऊच्या धक्क्याला लागतात, काही तर वीसेक किलोमीटर वरच्या फिल्सहोफेनला. नदीला पूर आला तर धक्का आदल्या दिवशी बदलतो. सप्टेंबर 2024 मध्ये ऑस्ट्रियातल्या पुरामुळे डॅन्यूबवरची वाहतूकच बंद पडली होती. म्हणून फोनमध्ये तिकडचं चालू कार्ड हवं आणि जहाजाचा फोन नंबर कागदावर लिहिलेला हवा.

एवढं करूनही जहाज सुटलंच तर टॅक्सीत पैसे घालू नका. जहाज नदीच्या वळणांतून, लॉकमधून (पाण्याची पातळी वर-खाली करणाऱ्या दरवाजांमधून) रात्रभर सावकाश जातं. आयसीई पासाऊहून ऑस्ट्रियातल्या, नदीकाठच्याच लिंझला तासाभरात पोहोचते. जहाजावर फोन करून पुढचा थांबा विचारा आणि तिथे गाठा.

व्हिसाचं म्हणाल तर ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच्याकडे अर्ज. जहाजावरची रात्रही जहाज ज्या देशात असेल त्या देशातच मोजली जाते, आणि या मार्गावर बऱ्याचदा ऑस्ट्रिया पुढे असतो. मुक्काम समसमान आले तर ज्या देशातून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) शिरता, तो. पासाऊची जादा रात्र धरली की जर्मनीचा आकडा वाढतो, म्हणून हॉटेल ठरल्यावरच अर्ज भरा. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात. सप्टेंबरसाठी एप्रिल-मेमध्येच वेळ घ्या, उन्हाळी गर्दीत ती मिळत नाही.