ऑफिसात इंग्रजी चालत असताना जर्मन शिकावे का, आणि कामावर सायकलने जावे का?

आपण नोकरीसाठी नुकतेच जर्मनीत कार्ल्सरुहे येथे आला आहात, कार्यालयातला सारा व्यवहार इंग्रजीत होतो आणि घर तिथून सात-आठ किलोमीटरवर आहे. तेव्हा ट्रामचा पास काढावा की सायकल घ्यावी, आणि जर्मन शिकण्यात संध्याकाळी घालवाव्यात का, असे आपण विचारले आहे. मी याच शहरात काही वर्षे सायकलने कामावर जातो. माझ्या मते हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करू नयेत. ज्याचे ऑफिस इंग्रजीत चालते त्याला जर्मन बोलावेच लागेल असे प्रसंग फार थोडे येतात, आणि सायकल बाळगली की ते आपोआप वाढतात.

सायकलसाठी हे शहर सोयीचे आहे. १७१५ मध्ये वसवलेले हे गाव राइन नदीच्या सपाट खोऱ्यात आहे, राजवाड्याच्या मनोऱ्यापासून रस्ते पंख्याच्या काड्यांसारखे पसरत जातात, आणि खरा चढ लागतो तो पूर्वेला डुर्लाखच्या टुर्मबेर्ग टेकडीवर. १८१७ मध्ये बिनपायडलची दुचाकी चालवून दाखवणारा कार्ल ड्राइस इथलाच, जरी ती पहिली फेरी त्याने मानहाइममध्ये मारली. जर्मन सायकलस्वारांच्या एडीएफसी या संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत दोन ते पाच लाख वस्तीच्या शहरांत कार्ल्सरुहेचा पहिला क्रमांक आला होता. धोका आहे तो ट्रामच्या रुळांचा. ते शक्य तितके काटकोनात ओलांडावेत, पावसात तर नक्कीच, कारण चाक खाचेत गेले की सावरायला वेळच मिळत नाही.

नियमांमध्ये आपल्याला सर्वांत जड जाईल तो उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देण्याचा. ज्या चौकात फलक किंवा सिग्नल नाही तिथे गल्लीतून येणारी सायकलसुद्धा उजवीकडून आली तर तिचा हक्क पहिला असतो, आणि समोरचा मोटारवाला हा हक्क गृहीत धरूनच गाडी चालवतो, म्हणून अंदाजाने पुढे घुसण्याची आपली सवय इथे चालत नाही. लाल दिवा तोडल्यास सायकलस्वारालाही निदान ६० युरो दंड आणि वाहतुकीचे गुन्हे नोंदवणाऱ्या फ्लेन्सबुर्गच्या सरकारी नोंदवहीत एक दंडगुण लागतो; चालवताना मोबाइल हातात धरला तर ५५ युरो. हेल्मेट सक्तीचे नाही, तरी घालावे.

आता भाषेकडे येतो. रस्त्यावरचे फलक हा पहिला धडा समजावा, कारण तिथे अर्थ कळला नाही तर ताबडतोब अडचण होते. एकदिशा मार्गाच्या उलट टोकाला प्रवेशबंदीच्या पाटीखाली सायकलचे चित्र आणि ‘फ्राय’ (म्हणजे मुभा) अशी छोटी पट्टी असेल तर सायकलला उलट दिशेने जाता येते, नसेल तर नाही. त्याहून मोलाचे ठिकाण म्हणजे सायकल दुरुस्तीचे दुकान. ऑफिसातला सहकारी आपण अडखळलो की भलेपणाने इंग्रजीवर येतो, आणि आपले जर्मन तिथेच थांबते. दुकानातल्या कारागिराचे हात काळे झालेले असतात, मागे गिऱ्हाइके उभी असतात, त्यामुळे तो बहुधा तेच वाक्य जरा सावकाश पुन्हा म्हणतो. मागचा ब्रेक घासतो, चेन निसटते, कधी न्यायला येऊ, अंदाजे किती खर्च येईल, एवढी वाक्ये घरून तयार करून जाता येतात, पण उत्तर काय येईल ते आधी ठरवता येत नाही, आणि ते ‘इख’ (म्हणजे ‘मी’) ऐवजी ‘इश’ म्हणणाऱ्या इथल्या बोलीत येते. वर्गात हा सराव मिळत नाही.

तरीही वर्ग सोडू नये. नगरपालिकांच्या आधाराने चालणाऱ्या फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे प्रौढ शिक्षणाच्या केंद्रात, संध्याकाळचे वर्ग असतात आणि ते खासगी शिकवण्यांपेक्षा सहसा स्वस्त पडतात. आपल्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे युरोपबाहेरच्या उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा वास्तव्य परवाना, असेल तर व्यवहारी कारणही आहे: इतर अटी पूर्ण होत असल्यास ए१ या अगदी प्राथमिक पातळीच्या जर्मनवर स्थायी वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांनी मिळू शकतो, बी१ ही मधली पातळी असेल तर २१ महिन्यांनी. मराठी माणसाला या भाषेत काही गोष्टी आयत्या मिळतात, याकडे शिकवणाऱ्यांचे लक्ष नसते. तीन लिंगे आपल्याला नवी नाहीत, ‘बावीस’प्रमाणे एकम आधी म्हणण्याची सवय आहे, आणि गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते याचे इंग्रजीतून शिकणाऱ्याइतके आश्चर्य वाटत नाही. मात्र कोणत्या नामाचे लिंग कोणते, हे पाठच करावे लागते.

यातून मैत्री लगेच जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्यासाठी एखाद्या फेराइनमध्ये, म्हणजे गायन, खेळ किंवा गिर्यारोहणाच्या मंडळात, नाव घालावे लागते आणि तिथे दर आठवड्याला हजेरी लावावी लागते.

खरेदीचे म्हणाल तर जुनी सायकल घ्या, मडगार्ड असलेली, आणि उरलेले पैसे चांगल्या कुलपावर घाला. दुसऱ्याचे नुकसान भरून देणारा हाफ्टफ्लिख्ट विमा पहिल्याच महिन्यात काढा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा सप्टेंबरातच तपासून घ्या. नंतर दुरुस्तीसाठी वेळ मिळणे अवघड होते.